प्रवेश याद्यांची तारीख आणि वेळ पाळली जावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कऱ्हाड येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षे गणित शिकवले आणि निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षे तेथील प्रवेश मार्गदर्शनाचे कामही पाहिले. यंदा माझी नात बारावी झाली असून अभियांत्रिकीच्या प्रवेश यादीची वाट पाहत आहे. इतकी वर्षे टेबलाच्या ज्या बाजूला बसून मी पालकांना धीर देत होते, त्याच्या पलीकडच्या बाजूला आता आमचेच घर येऊन बसले आहे. या दोन्ही बाजू पाहिल्यानंतर जे प्रकर्षाने जाणवते आहे, ते आपल्या वृत्तपत्रातून संबंधितांपर्यंत आणि आमच्यासारख्याच हजारो घरांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आजकालच्या मुलांना वाट पाहणे जमत नाही, असे आपण मोठी माणसे सर्रास म्हणतो. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. दहावी-बारावीच्या निकालाचे उदाहरण घ्या. राज्य मंडळ आधी एक-दोन दिवस तारीख जाहीर करते, दुपारी एकची वेळ सांगते आणि निकाल त्या वेळी लागतो. आदल्या रात्री मुले घाबरलेली असतात, पण ती जेवतात, झोपतात, सकाळी देवाला नमस्कार करतात आणि एक वाजता जे काही असेल ते पाहतात. म्हणजे वाट पाहण्याची ताकद त्यांच्यात असते. ती ताकद संपते ती निकालानंतर सुरू होणाऱ्या प्रवेशाच्या महिन्यांत, कारण तेथे यादी कधी लागणार हेच कोणाला नक्की ठाऊक नसते. वेळापत्रक प्रसिद्ध होते, मग सुधारित वेळापत्रक येते आणि त्यानंतर त्याचेही सुधारित वेळापत्रक येते. आज लागणार म्हणून सांगितलेली यादी आज किती वाजता लागणार, हे बहुतेक वेळा कोठेच लिहिलेले नसते. मुलांचा जीव टांगणीला लागतो, तो या न सांगितलेल्या वेळेमुळे.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याच्या घरी अशाच एका यादीच्या दिवशी मी मुक्कामाला होते. यादी त्या दिवशी लागणार, एवढेच जाहीर झाले होते. मुलगा सकाळी सातला अंघोळ करून मोबाइल घेऊन बसला. दहा वाजता त्याची आई ऑफिसला गेली नाही, रजा टाकली. दुपारचे जेवण झाले ते ताटात हात घालून, नजर पडद्यावर ठेवून. संध्याकाळी सहानंतर संकेतस्थळाचे पान उघडेनासे झाले. मधोमध ते गोल चक्र फिरत राही आणि पान पांढरेच राही. तेवढ्यात त्याच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी यादी लागल्याचे टाकले, दुसऱ्याने ते खोटे असल्याचे टाकले, तिसऱ्याने मागच्याच वर्षीची यादी जोडून दिली. रात्री साडेनऊला केलेला भात तसाच गार झाला. पाऊण वाजता सूचना आली, की तांत्रिक कारणास्तव यादी उद्या प्रसिद्ध होईल. मुलगा काही बोलला नाही. त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेला. तेथे त्याने पेन्सिलीने त्या तारखेभोवती गोल काढला होता. तो खोडून त्याने पुढच्या तारखेभोवती काढला. दिवा लावून मी जवळून पाहिले, तर त्या पानावर आधीच तीन ठिकाणी खोडरबराने कागद खरवडलेला होता.

आमच्या कऱ्हाडसारख्या गावांत अकरावीच्या प्रवेशाची ही धास्ती पूर्वी अशी नव्हती. मुंबईत अकरावीचे प्रवेश 2009 पासून केंद्रीय पद्धतीने ऑनलाइन होत होते आणि पुढे पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरांतही ती पद्धत आली. पण तालुक्याच्या गावांत गुणवत्ता यादी महाविद्यालयाच्या काचेच्या फलकावर लागत असे. खाली प्राचार्यांची सही, शिक्का आणि तारीख. मुले काचेवर बोट फिरवत आपले नाव शोधत आणि नाव नसेल तर शेजारच्या खिडकीत जाऊन लिपिकाला विचारत, ‘दुसऱ्या यादीत येईल का?’ लिपिक वर न बघता सांगायचा, ‘येईल, पाच-सहा नंबर वर आहेत तुझ्या, सोमवारी ये.’ त्या पद्धतीत वशिला चालत होता, देणग्यांचे प्रकार होते आणि गरिबाच्या मुलाला कोणी वाली नव्हता, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून ती परत यावी असे मी मुळीच म्हणणार नाही. केंद्रीय प्रवेशामुळे गुणांना न्याय मिळतो, हे मला मनापासून मान्य आहे. परंतु त्या खिडकीतून मिळणारे ‘सोमवारी ये’ हे उत्तर मात्र नव्या पद्धतीत हरवले.

2025-26 या वर्षासाठी अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्यात लागू झाली. 21 मे 2025 रोजी, म्हणजे नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, संकेतस्थळ कोलमडले आणि प्रक्रिया 26 मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. त्यानंतर तारखा पुढे सरकत राहिल्या आणि पहिली निवड यादी लागायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला होता. पंधरा-सोळा वर्षांची मुले, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एवढी मोठी परीक्षा दिली होती, ती सहा आठवडे आपण कोणत्या महाविद्यालयात जाणार हे ठाऊक नसताना घरी बसून होती. नवी व्यवस्था पहिल्या वर्षी अडखळणार, हे समजण्याजोगे आहे. मला खटकते ते एवढेच, की अडखळल्याचे कारण आणि नवी वेळ मुलांना त्याच दिवशी, साध्या मराठीत, स्पष्टपणे सांगितली जात नाही.

बारावीच्या मुलांची प्रतीक्षा तर याहून लांब असते. शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो, सामाईक प्रवेश परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते, तिचा निकाल जूनमध्ये लागतो आणि केंद्रीय प्रवेश फेऱ्या जुलैच्या अखेरीपासून पुढे चालतात. म्हणजे जवळजवळ पाच महिने. या पाच महिन्यांत काही अनपेक्षित घडले, तर ते वेगळेच. या सामाईक परीक्षेच्या 27 एप्रिल 2025 रोजीच्या एका सत्रात गणिताच्या प्रश्नपत्रिकेत 21 प्रश्न चुकीचे निघाले आणि त्या सत्रातील 27 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा 5 मे रोजी घ्यावी लागली. गणित शिकवणारी म्हणून मला तो दिवस फार लागला. चुकीच्या प्रश्नावर मूल पंधरा-वीस मिनिटे घालवते, कारण चूक आपलीच असेल असे त्याला वाटते. आम्हीच त्याला तसे शिकवलेले असते.

वैद्यकीय प्रवेशाचे 2024 हे वर्ष तर कोणीच विसरलेले नसेल. नीटची परीक्षा 5 मे रोजी झाली, निकाल 4 जून रोजी लागला, वाढीव गुणांचा घोळ बाहेर आला, 1,563 विद्यार्थ्यांना 23 जून रोजी पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागली आणि संपूर्ण परीक्षा रद्द होणार की नाही, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 23 जुलै रोजी दिला. आमच्या गल्लीतील एक मुलगी त्या वर्षी 640च्या पुढे गुण मिळवूनही सात आठवडे पुस्तक मिटवू शकली नाही. परीक्षा पुन्हा झाली तर काय, म्हणून ती सकाळी जीवशास्त्र वाचायची. आणि झाली नाही तर हे सगळे कशाला, म्हणून दुपारी रडायची. त्याआधी 9 सप्टेंबर 2020 रोजी मराठा आरक्षणास सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली, तेव्हा अकरावीची दुसरी फेरी दोन महिन्यांहून अधिक काळ खोळंबली होती. न्यायालयात गेलेल्या प्रश्नाला वेळ लागणारच, आणि आरक्षणाचा किंवा परीक्षेच्या पावित्र्याचा प्रश्न घाईने सुटावा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या काळात ‘निर्णय झालेला नाही, पुढील माहिती अमुक दिवशी सायंकाळी पाच वाजता देऊ’ एवढे एक वाक्य रोज कोणी अधिकृतपणे सांगितले असते, तर घरोघरी मुलांची जी घालमेल झाली, तिला काही मर्यादा राहिली असती.

आमच्या एसटी स्थानकावर सांगलीची गाडी तासभर उशिरा आली, तरी लोक बाकड्यावर बसून राहतात, कारण नियंत्रकाने खिडकीतून सांगितलेले असते की गाडी उंब्रजहून निघाली आहे. जेव्हा तो काहीच सांगत नाही, तेव्हा तेच लोक अर्ध्या तासात उठून रस्त्यावर येतात आणि मिळेल त्या जीपमध्ये शिरतात. प्रवेशाचेही असेच होते. यादीची खात्रीलायक माहिती नसली, की पालक घाबरून व्यवस्थापन कोट्यात लाखो रुपये भरून जागा अडवतात आणि नंतर केंद्रीय फेरीत चांगली जागा मिळाली, तर भरलेल्या पैशांसाठी खेटे घालत बसतात. अशी किमान दहा-बारा कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत. त्यातल्या दोघांनी शेताचा तुकडा गहाण ठेवला होता.

म्हणून शालेय शिक्षण विभाग, तंत्रशिक्षण आणि वैद्यकीय शिक्षणाचे विभाग आणि राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे. कोणत्याही यादीची तारीख जाहीर करताना तिच्यासोबत वेळही जाहीर करावी आणि ती दिवसाची असावी. रात्री उशिरा कोणतीही यादी प्रसिद्ध करू नये. यादी लांबणार असेल, तर आदल्या सायंकाळपर्यंत कारणासह सांगावे. ‘तांत्रिक कारणास्तव’ या दोन शब्दांत काहीच सांगितले जात नाही. आरक्षणाची पडताळणी अपूर्ण आहे, किंवा अमुक महाविद्यालयांच्या जागा निश्चित व्हायच्या आहेत, असे स्पष्ट सांगितले तर पालक समजून घेतात. राज्य मंडळ लाखो मुलांचे निकाल ठरलेल्या दिवशी दुपारी एक वाजता देऊ शकते, तर प्रवेश यादीला वेळ असू शकत नाही, हे पटत नाही.

दुसरी गोष्ट दूरध्वनी क्रमांकाची आहे आणि ती ऐकायला लहान वाटली तरी तिने मुलांची वर्षे खाल्ली आहेत. पाटण तालुक्यातील डोंगरावरच्या एका वाडीतील मुलगी माझ्याकडे मार्गदर्शनाला येत असे. घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर मुंबईला. त्यामुळे अर्ज भरताना नेट कॅफेवाल्याने स्वतःचाच क्रमांक टाकला आणि पासवर्डही स्वतःच्याच वहीत लिहून ठेवला. जुलैमध्ये यादी लागली तेव्हा ती घरच्यांबरोबर भाताच्या लावणीला शेतात होती. तिला तिच्या दुसऱ्या पसंतीचे, सरकारी महाविद्यालय मिळाले होते. त्याचा संदेश कॅफेवाल्याच्या मोबाइलवर येऊन पडला आणि त्याच्याकडे असे दोनशे मुलांचे संदेश येत होते. चौथ्या दिवशी ती एसटीने कऱ्हाडला आली. नखांत लावणीचा चिखल तसाच होता. आम्ही संगणकावर तिचे खाते उघडले, तर जागा स्वीकारण्याची मुदत आदल्या दिवशी पाच वाजता संपली होती. मी तिला खुर्चीवर बसवले, पाणी दिले. ती म्हणाली, ‘बाई, मी रोज कोणाचातरी मोबाइल मागून, टेकडीवर जाऊन आईच्या मामाला फोन लावत होते, यादी लागली का म्हणून. ते म्हणाले, अजून तारीख नक्की नाही.’ शेवटच्या फेरीत तिला खासगी महाविद्यालयात जागा मिळाली, शुल्क कितीतरी जास्त होते. अर्जावर विद्यार्थ्याचा स्वतःचा किंवा घरच्यांचा आणि त्याखेरीज त्याच्या शाळेचा किंवा कनिष्ठ महाविद्यालयाचा असे दोन क्रमांक बंधनकारक केले, आणि यादीत नाव लागलेल्या मुलांची नावे त्यांच्या जुन्या शाळेकडेही गेली, तर ज्या गावात मोबाइलला रेंज नाही तेथेही शिक्षक निरोप पोहोचवतील. आमचे शिक्षक हे काम आनंदाने करतील, याची मी खात्री देते.

आता घरातल्या माणसांविषयी. मार्गदर्शन केंद्रात असताना पालक मला विचारत, की यादी लागेपर्यंत मुलाला काय करायला सांगू? मी त्यांना एवढेच सांगे, की पसंतीक्रमाचा अर्ज निश्चित होईपर्यंत हवी तेवढी चर्चा करा, पण तो एकदा निश्चित झाला की त्या विषयाला घरात कुलूप लावा. अर्ज भरताना मुलाला खरोखर हवे असलेले महाविद्यालय वर आणि मग उतरत्या क्रमाने बाकीची, हा साधा क्रम चुकवू नये. 2025-26च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही पसंती मिळाली, तर ती जागा आपोआप निश्चित होत होती आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होत होता. अकरावीतही पहिली पसंती मिळूनही प्रवेश न घेणाऱ्याला पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागत होते. शेजाऱ्याने सांगितले म्हणून पहिल्या तीनांत नको असलेले नाव घातले, की मग यादीची वाट पाहताना मुलाला दोन भीती वाटतात. काहीच मिळणार नाही ही एक आणि नको तेच मिळेल ही दुसरी. यंदाचे नियम यंदाच्या माहिती पुस्तिकेतूनच वाचावेत. ते वाचायला एक संध्याकाळ लागते, पण त्या एका संध्याकाळीने पुढच्या कित्येक रात्रींची झोप वाचते.

मागच्या वर्षीचा कट-ऑफ पुन्हा पुन्हा पाहणे, हा सध्या घराघरांत जडलेला आजारच झाला आहे. माझी नातसुद्धा दिवसातून दहा वेळा ते आकडे पाहत असे. तिला मी वही घेऊन समजावले, की परीक्षा अनेक सत्रांत होते म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल दिले जातात. पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या मागे किती टक्के मुले आहेत ते. त्यामुळे अमुक महाविद्यालयाचा कट-ऑफ 95.2 वरून 95.6 झाला, यात तुझ्या हुशारीविषयी काहीही सांगितलेले नाही. त्या शाखेला किती मुलांनी वर लिहिले आणि तेथे जागा किती होत्या, यावर तो ठरतो. हे समजल्यावर तिने तो नाद पूर्ण सोडला असे मी म्हणणार नाही, पण दहाचे दोन वेळा झाले.

रिकाम्या हातांना यादीची भीती जास्त वाटते, म्हणून हाताला काम द्यावे, आणि ते कामही प्रवेशाचेच असेल तर उत्तम. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जात वैधता, पुढील 31 मार्चपर्यंत मुदत असलेले नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, हे सारे मुलाने स्वतः सेतू केंद्रात जाऊन, रांगेत उभे राहून पूर्ण करावे आणि स्वतःच्या हाताने फाइलला लावावे. आमच्याकडे नातीने हे केले. तिची आई यादी पाहायला ठरलेल्या वेळीच, म्हणजे सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा वाजता, संकेतस्थळ उघडते आणि मध्ये कोणी उघडायचे नाही, असे आम्ही सर्वांनी ठरवले आहे. जेवताना मोबाइल देवघराच्या कट्ट्यावर असतो. पहिले चार दिवस हे फार जड गेले. पाचव्या दिवशी नात आपणहून कैऱ्या किसायला माझ्याजवळ येऊन बसली आणि अर्धा तास यादीचा शब्दही निघाला नाही.

नातेवाइकांनाही हात जोडून सांगावेसे वाटते. ‘काय झालं मग? लागली का यादी?’ हा प्रश्न आपण मायेने विचारतो, हे खरे. पण दिवसाला असे आठ फोन आले, की त्या मुलाला आठ वेळा ‘नाही’ म्हणावे लागते. त्याच्या आत्याला, काकांना, मावशीला खरोखर काळजी असेल, तर त्यांनी त्याला सिनेमाला न्यावे, विहिरीवर पोहायला न्यावे, त्याच्याबरोबर पत्त्यांचा डाव मांडावा. यादी लागली की तो स्वतः फोन करील.

आणि काही मुलांच्या बाबतीत हे सारे पुरेसे नसते. मूल अनेक दिवस जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, सगळ्यांशी बोलणे टाकत असेल, किंवा माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो अशा तऱ्हेची वाक्ये बोलू लागले असेल, तर ‘होईल ठीक’ म्हणून वेळ काढू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांचा हेतू लक्षात घेऊन प्रवेशाच्या प्रत्येक संकेतस्थळावर, मूल ज्या पानावर रात्री बाराला आपले नाव शोधत असते त्याच पानावर, हा क्रमांक ठळक अक्षरांत असावा. त्यासाठी शासनाला एक रुपयाही खर्च येणार नाही.

संपादक महोदय, शेवटी एक विनंती आपल्या वृत्तपत्राकडेही आहे. याद्यांच्या काळात पहिल्या पानावर ‘कट-ऑफची उसळी’, ‘नामांकित महाविद्यालयांची दारे बंद’ अशा मथळ्यांऐवजी, निदान त्यांच्या शेजारी, एक छोटी चौकट रोज ठरलेल्या जागी छापावी: कोणत्या प्रवेशाची यादी कोणत्या दिवशी, किती वाजता लागणार आहे, तारीख बदलली असल्यास का बदलली, आणि खाली 14416. आमच्या भागात अजूनही वाड्या-वस्त्यांवर सकाळच्या पहिल्या एसटीने वृत्तपत्र जाते, आणि जेथे मोबाइलला रेंज नसते तेथेही ते चावडीवर वाचले जाते. संबंधित विभागांनी वेळ जाहीर केली नसेल, तर त्या रकान्यात ‘वेळ जाहीर नाही’ असेच छापावे, म्हणजे ती विचारण्याची जबाबदारी एकट्या मुलांवर राहणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका, कऱ्हाड (जि. सातारा)